चतकोर, नितकोर

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथवर गोणपाटं, भट्ट्या गार,
गल्लीत नुसता जळक्या वाळूचा वास
आणि एका शटरखालून बाहेर आलेला
वीतभर उजेड.

आत मी. भिंतीला रायफल क्लबचं लायसन, चौकटीत.
टेबलाला बोल्ट मारलेला इलाही शिकलगारांचा प्रेस.
दांड्याचा रंग एवढ्यातच गेलाय,
जेवढ्यात त्यांचा पंजा बसायचा.

त्यांचे आजोबा तलवारींना पाणी द्यायचे.
वडलांनी विळे, कात्र्या, वस्तरे केले.
"धार गेली," चाचा म्हणायचे,
"आमच्या वाट्याला माप आलं."

मोकळी पुंगळी वर चढवायची.
डाय फिरवत फिरवत खाली,
तोंडाला टेकली की थांबायचं,
आणि एक अख्खा फेरा मागं.
मागं का, मी पहिल्या दिवशी विचारलं.
"टेकल्यालं कळलं न्हवं तुला?
मग दाबतोस कशाला?"

लॉकरिंग कसायचं. मग मधला दांडा,
तोच गोळीला खाली बसवणारा.
आधी पुष्कळ वर ठेवायचा,
म्हणजे गोळी पुंगळीच्या तोंडात उभी राहते
बसायला सांगितलेल्या पाहुण्यासारखी, अवघडून.
चतकोर फेरा. काढ. पूस. मोज.
चतकोर फेरा. काढ. मोज.
व्हर्नियर माझ्याकडं, कान त्यांच्याकडं.
शेवटची दोन वर्षं हात थरथरायचे,
तेव्हा ते दांडा मला ओढायला लावायचे
आणि डोळे मिटून म्हणायचे, "आली."
आलेली असायची.

"वर ऱ्हायली तर अजून ढकलता येतीया.
आत गेली, की नाक धरून
वर काढणारा कोण?"
त्या आठवड्यात मी थोरल्या भावाला
जागेच्या वाटणीवरून एक वाक्य बोललो होतो.
चाचांना ठाऊक नव्हतं.
मी व्हर्नियर पुसत बसलो. पुसलेलाच होता.

आज केतकी इंगवले येणार, तीनशे मीटरवाली.
शनिवारी स्पर्धा. स्कूटरच्या डिकीत
गोळ्यांचा नवा डबा.
मी खणातली काडेपेटी काढली.
आत कापसात चाचांच्या हातची एक खोटी गोळी:
दारू नाही, टोपी नाही,
नुसतं माप, पितळ आणि तांब्याचं.
ती वर चढवायची, दांडा खाली आणायचा
तिच्या नाकाला टेकेपर्यंत.
बास. गेलेल्या माणसाचा हात
अकरा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी.

असं मला वाटलं.

नव्या डब्यातली पहिली बसवली, मोजली.
दहा थाऊ लांब.
पुन्हा मोजली. व्हर्नियर शून्यावर आणून पुन्हा.
दहा थाऊ.
घाम आला मला, खोटं कशाला सांगू.
मग दोन्ही गोळ्या उजेडात शेजारी धरल्या.
नवीचं नाक लांब होतं, निमुळतं.
दांडा काही टोकाला धरत नाही,
तो धरतो खाली, जिथं नाक रुंदावतं तिथं.
चाचा चुकले नव्हते.
त्यांनी ही गोळी बघितली नव्हती, एवढंच.

शटरवर टकटक. केतकी वाकून आत आली,
"झालं का काका?"
"बस."
ती डब्यावर बसली, पाय हलवत,
मग माझ्याकडं बघून पाय थांबवले.

मी रिंग सैल केलं.
चतकोर जास्त झाला असता.
आई भाकरीचं वाटप करताना
एक शब्द वापरायची, चतकोराच्याही निम्म्याला.
नितकोर.
तेवढंच फिरवलं. श्वास धरून नाही,
सोडून. दांडा ओढला.
डोळे मिटले, उगीच.
काही ऐकू आलं नाही.

मोजली. अजून दोन थाऊ लांब.
केतकीनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
काडेपेटी उघडीच होती टेबलावर,
कापसात आणखी एका गोळीपुरती जागा.